पाणवठ्यावरची गोगलगाय आणि गोठ्यातला पर्णकृमी

प्रश्न : आमची मळी भोगावतीच्या काठी, बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून आहे. दर तीन महिन्यांनी जंतांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देऊनही दोन म्हशी खंगत चालल्या आहेत, दूध आटले आहे आणि जबड्याखाली पाणी उतरते. औषध निकामी झाले आहे काय? (राधानगरी तालुका)

उत्तर : औषधाचा दोष नाही, निवडीचा आहे. आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर आणि काही बाह्य परजीवींवर चालते. चपट्या पर्णकृमींवर त्याचा परिणाम होत नाही. आपण कळवलेल्या लक्षणांवरून यकृतातील पर्णकृमीचा, म्हणजे लिव्हर फ्लूकचा, संशय प्रथम घ्यावा लागेल. हा कृमी पित्तनलिकांत राहतो आणि त्याची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. शेण वाळले तर अंडी मरतात. ते ओढ्यात किंवा फुगवट्याच्या संथ पाण्यात पडले, तर दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म अळी निघते. तिचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे असते आणि तेवढ्यात लिम्निया ही गोगलगाय सापडली नाही, तर ती संपते. सापडली, तर मात्र गोगलगायीच्या शरीरात एकीच्या शेकडो होतात, दीड-दोन महिन्यांनी शेपटीच्या अळ्या पाण्यात उतरतात आणि काठच्या गवताला चिकटून कोष करतात. म्हैस तो कोष गवताबरोबर खाते. युरोपातील मेंढ्यांच्या पर्णकृमीचे असेच चक्र 1880 च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये थॉमस आणि लायप्झिगमध्ये लॉयकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडले होते. आपल्याकडील फॅसिओला जायगँटिका हा त्याचाच थोरला भाऊबंद असून त्याची लांबी सात सेंटिमीटरपर्यंत जाते.

कोष पोटात गेल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि याच काळात कोवळे कृमी यकृत पोखरत असतात. म्हणून शेणाचा अहवाल निर्दोष आला, तरी तेवढ्यावर विसंबू नये. तपासणी गाळ बसवण्याच्या पद्धतीने करून घ्यावी, कारण ही अंडी जड असून मिठाच्या द्रावणावर नीट तरंगत नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः वाढ झालेल्या यकृतकृमींवर, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही चालते. माझ्या मते तीन महिन्यांचा ठरावीक फेरा सोडून गोगलगायीचे वेळापत्रक धरावे : एक मात्रा दिवाळीनंतर, दुसरी माघाच्या सुमारास आणि तिसरी मृगाच्या आधी, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर अंडी ओढ्यात वाहून जाणार नाहीत. औषध कोणते, वजनानुसार किती आणि त्यानंतर किती दिवस दूध घालायचे नाही, हे पशुवैद्यकाने प्रत्यक्ष जनावर पाहूनच ठरवावे. गाभण म्हशीच्या बाबतीत तर अंदाजाने काहीही पाजू नये.

प्रश्न : सोयाबीन खाणारी मोठी शंखी गोगलगाय हीच का? (शिरोळ तालुका)

उत्तर : नाही. ती जमिनीवरची आहे आणि या रोगाशी तिचा संबंध नाही. पाण्यातल्या गोगलगायीही सगळ्या दोषी नसतात. शंखाच्या तोंडाला घट्ट झाकण असलेली मोठी गोगलगाय पुष्कळदा दिसते. यकृतकृमी तिच्यात वाढत नाही. लिम्नियाचा शंख पातळ, टोकदार आणि बिनझाकणाचा असतो. दुसरी ओळखून ठेवावी अशी गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. तिचा शंख जिलेबीसारखा एकाच पातळीत वेटोळलेला असतो.

प्रश्न : भाताचे पिंजर घातल्याने लिव्हर फ्लूक होतो, असे ऐकले. मग पावसाळ्यानंतर वैरण आणायची कोठून? (गगनबावडा तालुका)

उत्तर : पिंजर टाकून देण्याचे कारण नाही. कोष बहुतांशी पाण्यात बुडालेल्या बुडख्याच्या भागावर असतात आणि त्यांना ओलावा लागतो. कापणी थोडी उंचावरून करावी, पेंढ्या कडक उन्हात उलटसुलट करून चांगल्या वाळवाव्यात आणि गंजी पाणी न साचणाऱ्या जागी रचावी. खरा धोका दोन गोष्टींत आहे : ओले, ताजे पिंजर थेट गव्हाणीत टाकणे आणि कापणी होताच ओलसर खाचरात जनावरे मोकळी सोडणे. उसाचे वाडे या बाबतीत सहसा निर्धोक असते, कारण ते पाण्याला टेकलेलेच नसते.

प्रश्न : बैल झोपेत नव्हे, उभ्या उभ्या घोरतो आणि नाकातून रक्तमिश्रित शेंबूड येतो. हाही पर्णकृमीच का? (करवीर तालुका)

उत्तर : असण्याची शक्यता मोठी आहे. शिस्टोसोमा नेझेल हा कृमी नाकाच्या शिरांत राहतो, तेथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी येतात आणि श्वास अडू लागतो. त्याचा वाहक जिलेबीसारख्या शंखाची ती इंडोप्लॅनॉर्बिस होय. येथे गवताचा संबंध नाही. पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतून अळी थेट आत शिरते. म्हशीलाही बाधा होते, पण ती सहसा घोरत नाही आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेंबडाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, की बूमरँगच्या आकाराची अंडी दिसतात.

प्रश्न : मोरचूद टाकून ओढ्यातील गोगलगायी मारता येतील का?

उत्तर : मरतील, पण त्यांच्याबरोबर मासेही मरतील, आणि तांब्याचा अंश असलेले पाणी मेंढ्यांना विशेष बाधते. वाहत्या ओढ्यात टाकलेले मोरचूद खालच्या गावाच्या पाणवठ्यावर पोहोचते, हेही विसरू नये. शिवाय उरलेल्या थोड्या गोगलगायी पुन्हा झपाट्याने वाढतात. बदके त्या आवडीने खातात. जावा बेटावर तर बदकांच्या कृमींच्या अळ्या गोगलगायीच्या शरीरात यकृतकृमीच्या अळ्यांना खाऊन टाकतात, हे ध्यानात घेऊन बदकांची विष्ठा शेणखतात मिसळण्याचा प्रयोग झाला आहे. आपल्याकडे त्याहून सोपे काम आधी करावे : जनावरांना ओढ्यावर न नेता विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हौदातून पाजावे, हौदाभोवती मुरूम टाकून चिखल होऊ देऊ नये, आणि सांडलेल्या पाण्याची नाळ शेणाच्या उकिरड्याकडून जात असेल, तर ती आजच वळवावी.