ग्रब२ वाढवू नकोस, त्याची जोड तोडून बघ

प्रिय,

तुझा ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) पाहिला. पेशीत ग्रब२ हे जोडप्रथिन भरमसाट वाढवल्यावर ईआरके या वाढीचा निरोप नेणाऱ्या एन्झाइमचं फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट बसणं) चढायच्या ऐवजी उतरलं, म्हणून तू पुन्हा क्लोनिंगला बसणार आहेस. कशाला? सीक्वेन्स बरोबर आलाय ना, मग प्लास्मिडला हात लावू नकोस. गफलत प्रयोगाच्या प्रश्नातच आहे.

ग्रब२ एन्झाइम नाही. २१७ अमिनो आम्लांचं हे प्रथिन काही कापत नाही, कुणावर फॉस्फेट चढवत नाही. ते फक्त जोडतं. मधला एसएच२ भाग रिसेप्टरवरचं फॉस्फोटायरोसीन (फॉस्फेट चढलेलं टायरोसीन) धरतो, तेही दोन घरं पुढे अ‍ॅस्परॅजीन असेल तर. पहिला एसएच३ भाग मुख्यतः सॉस या प्रथिनाची प्रोलीनने भरलेली शेपटी धरतो, शेवटचा एसएच३ गॅब१ या दुसऱ्या जोडप्रथिनाला. सॉस पेशीपटलापाशी आला की रास या स्विचसारख्या प्रथिनावरचा जीडीपी सुटतो, जीटीपी बसतो, म्हणजे रास चालू होतं आणि निरोप ईआरकेपर्यंत जातो.

आता ग्रब२ वाढव. रिसेप्टर आणि सॉस होते तेवढेच आहेत. रिसेप्टरला एक ग्रब२ चिकटतो, सॉसला दुसराच. वधूकडचा मध्यस्थ वेगळा आणि वराकडचा वेगळा, मग भेट व्हायची कशी? म्हणून म्हणते, वाढवू नकोस, तोडून बघ.

पेशीतलं मूळ ग्रब२ एसएचआरएनएने (जनुक दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) खाली आण आणि त्याला न जुमानणारी प्रत मूळ पातळीइतकीच परत घाल. एका प्रतीत ८६व्या आर्जिनीनच्या जागी लायसीन, म्हणजे एसएच२ आंधळा. दुसरीत ४९व्या प्रोलीनच्या जागी ल्युसीन, तिसरीत २०३व्या ग्लायसीनच्या जागी आर्जिनीन. या दोन्हींत एकेक एसएच३ निकामी. शेवटचे दोन बदल सी. एलेगन्स या अळीच्या सेम-५ जनुकातल्या, म्हणजे ग्रब२च्याच भावंडातल्या, बिघाडांवरून घेतलेले आहेत. सेम-५ १९९२ साली उजेडात आलं. ते बिघडलं की अळीत योनीद्वार बनत नाही आणि पिल्लं आईच्या पोटातच अंड्यातून बाहेर पडतात. फळमाशीत ड्रक हे ग्रब२चं भावंड बिघडलं की डोळ्यातली सातवी प्रकाशपेशी घडत नाही. ग्रब२ नसलेल्या उंदराच्या भ्रूणात एंडोडर्म (आतला थर) तयारच होत नाही. हे सगळं तोडून कळलं. तुला हा हट्ट जुनाट वाटेल. वाटू दे, मी तो सोडणार नाही.

आयपी (अँटीबॉडीने प्रथिन त्याच्या जोडीदारांसह ओढून काढणं) करताना जपून. ग्रब२ २५ किलोडाल्टनचं आणि अँटीबॉडीची लाइट चेनही तिथेच, त्यामुळे तू दाखवलेला तो जाड बँड बहुधा ग्रब२ नाहीच. शक या दुसऱ्या जोडप्रथिनाचा ५२ किलोडाल्टनचा बँड तसाच हेवी चेनखाली दडतो. अँटीबॉडी मण्यांना क्रॉसलिंक कर, किंवा ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्यातली घे. आयपीच्या लायसिससाठी (पेशी फोडण्यासाठी) रिपा बफर नको, त्यातल्या एसडीएसने जोड सुटू शकते; १ टक्का एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट पुरे. व्हॅनाडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन) पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळ, गार झाल्यावर पीएच पुन्हा तपास, रंगहीन राहीपर्यंत हेच कर. लायसिस बफरमध्ये १ मिलीमोलर, ऐनवेळी घालायचं. त्याच बफरात ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेट घालून उपयोग नाही. फॉस्फेट उडतं आणि मग जोडच नव्हती असं वाटतं.

रात्रभर सीरमशिवाय ठेवलेल्या पेशींना ईजीएफ हा वाढीचा घटक दे आणि ०, २, ५, १५, ३० मिनिटांचे नमुने घे. एकट्या पाचव्या मिनिटावर निष्कर्ष काढलास तर मी वाचणारसुद्धा नाही. मूळ ग्रब२ आणि परत घातलेलं ग्रब२ एकाच ब्लॉटवर शेजारी दिसू दे. आणि तो ब्लॉट अख्खा पाठव, कापलेला नको.