स्टेंटवाल्या पेशंटची दाढ काढताना

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेल्या पेशंटची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी दाढ काढण्यासाठी परस्पर बंद करू नकोस. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेततं. दोन्ही गोळ्या चालू असतील किंवा जबड्याचं मोठं ऑपरेशन असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोल. सुरगाणा-पेठकडचा, म्हणजे लांबच्या गावचा पेशंट सकाळीच घे. दाढेच्या खळग्यात रक्त थांबवणारा जिलेटिन स्पंज, वर टाके, मग अर्धा तास गॉज घट्ट चावायला लाव. रक्त थांबलेलं स्वतः पाहिल्याशिवाय त्याला सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) एसटी पकडायला अजिबात सोडायचं नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल दे; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि पिशवीतली सगळी पाकिटं उघडून बघ, ‘बीपीची गोळी’ म्हणतात तीच कधी कधी क्लोपिडोग्रेल निघते.