रिकाम्या जहाजालाही पूर्ण भाडे का?

प्रश्न : माझा भाचा मुंबईतील एका शिपिंग एजंटकडे नुकताच नोकरीला लागला आहे. त्याने दाखवलेल्या बंदराच्या बिलात पोर्ट ड्यूज, पायलटेज आणि बर्थ हायर अशा तीन वेगळ्या रकमा होत्या. जहाज निम्मे रिकामे असूनही बर्थ हायर कमी झाले नव्हते. असे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या शंकेचे मूळ ‘टन’ या शब्दात आहे. बर्थ हायर, म्हणजे धक्क्याचे भाडे, सामान्यतः जहाजाचे ग्रॉस टनेज आणि ते धक्क्याला लागून असलेले तास यांवर आकारले जाते. परंतु हा टन वजनाचा नसून जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला असतो. जुन्या मोजणीत १०० घनफूट म्हणजे एक टन धरत. १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर सूत्र बदलले, तत्त्व तेच राहिले. म्हणून माल किती भरला आहे, याने भाड्यात फरक पडत नाही. केवळ समजण्यासाठी ताशी प्रतिटन २० पैसे दर धरला, तर २०,००० टनेजच्या जहाजाला तासाला ४,००० आणि ३० तासांना १,२०,००० रुपये पडतील. पोर्ट ड्यूज बंदरात येण्याबद्दल आणि पायलटेज वाट दाखवण्याबद्दल असते. धक्क्यावरचे तास वाढले म्हणून ते वाढत नाही.

पूर्वी मोठ्या बंदरांचे दर स्वतंत्र प्राधिकरण ठरवीत असे. २०२१च्या कायद्याने तो अधिकार प्रत्येक बंदराच्या मंडळाकडे आला. किनारी वाहतुकीच्या जहाजांना परदेशी फेरीच्या जहाजांच्या ६० टक्क्यांहून अधिक दर लावू नये, असे केंद्राचे धोरण आहे, त्यामुळे जहाज कोणत्या वर्गात नोंदले आहे हे बिलात प्रथम पाहावे.

आपल्या भाच्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या बंदरांच्या दरपत्रकात सहसा अशी तरतूद असते की जहाजाने निघण्याची तयारी कळवल्यावर ४ तासांनी भाडे थांबते, आणि बंदराची क्रेन बिघडल्याने किंवा वीज गेल्याने जहाज खोळंबले तर त्या वेळेचे भाडे लागत नाही. तयारीची खोटी सूचना दिल्यास मात्र दंड बसतो. ही सवलत मागायची तर नेमकी वेळ दाखवावी लागते, आणि महिन्याभराने ती कोणालाच आठवत नाही. म्हणून क्रेन बंद पडल्याचा तास त्याच दिवशी लिहून त्यावर बंदराच्या अधिकाऱ्याची सही घेण्याची सवय त्याने पहिल्या जहाजापासूनच लावून घ्यावी.