पोलंडमधल्या झालिप्ये गावात घराघरावर फुलं का रंगवलेली असतात? तिथे काय पाहावं?

फुलांचं मूळ काजळीत आहे! दक्षिण पोलंडात टार्नूफ शहराजवळच्या या गावात पूर्वी घरांना धुराडी नव्हती. धुरानं भिंती काळवंडायच्या, मग बायका त्यावर चुन्याचे ठिपके काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धुराडी आली, भिंती स्वच्छ राहू लागल्या आणि ठिपक्यांची हळूहळू फुलं झाली.

फेलित्स्या त्सुरिवोवा (१९०४-१९७४) या इथल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकार. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, आधी तेच गाठा. नंतर चित्रकार बायकांचं केंद्र 'डोम मालारेक' आणि आतून फुलांनी रंगवलेलं चर्च. विहिरी, कुत्र्यांची खोपटीसुद्धा सुटलेली नाहीत. रंगवलेल्या घरांची स्पर्धा १९४८ पासूनची. घरं मात्र विखुरलेली आहेत, पायपीट होते.