पेरणीची घाई, दुपारचे ऊन आणि तलावाचा गाळ : विदर्भातील वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मृगात दोन दिवस चांगला पाऊस झाला म्हणून सोयाबीन पेरले. त्यानंतर पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली. आता नक्षत्रांवर विसंबणे सोडून द्यावे काय? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : नक्षत्रांकडे लक्ष असू द्या, परंतु पेरणीचा निर्णय जमिनीतील ओलीवर घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि तरीही मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटली. आपल्या वावरात याचा अर्थ एवढाच की, पाऊस थोड्या तासांत कोसळतो, पाणी माती घेऊन नाल्याला जाते आणि पुढे लांबलचक खंड पडतो. विदर्भात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास स्थिरावतो. त्याआधीची सर बहुधा वळवाची असते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरणी करू नये, ही कृषी विभागाची शिफारस मी सर्वांत आधी पाळायला सांगेन. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की आपला धीर सुटतो, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्यांदा बियाणे घ्यायला लागणारे पैसे बहुतेक घरांत कर्जाचेच असतात.

पेरणीपूर्वी पोत्यातील शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व आठवडाभरात किती उगवले ते मोजावे. सत्तरांहून कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, त्यामुळे पोती आपटू नयेत आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये.

बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणी झाली, तर अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते आणि खंडाच्या काळात तीच सरी ओल धरते. यंत्र मिळाले नाही, तरी डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्यांना, दोर गुंडाळून ओळींच्या मधोमध सरी पाडता येते. पेरणी व डवरणी उताराला आडवी असावी, एवढीच अट. माझ्या मते महागड्या नव्या वाणाइतकेच महत्त्व या दोराला आहे, कारण त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. सोयाबीनच्या ओळींत तुरीचे आंतरपीकही ठेवावे. सोयाबीन खंडात सापडले, तरी तुरीची खोल मुळे परतीच्या पावसावर तग धरतात.

प्रश्न : आम्ही बाया मे महिन्यात तेंदूपाने तोडतो आणि नंतर रोजगार हमीच्या कामावर जातो. दुपारी भोवळ येते, पण काम सोडले तर मजुरी बुडते. काय करावे? (ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, तुमच्या भागात पारा 45 अंशांवर जातो, आणि मैदानी प्रदेशात एवढे तापमान झाले की हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो. अशा उन्हात दुपारी बारा ते चार या वेळेत कष्टाचे काम होऊच नये. रोजगार हमीत मजुरी कामाच्या मापावर मिळते. तेव्हा उजाडताच काम सुरू करून अकराच्या आत संपवण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ते मागताना संकोच करू नये. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, त्यात मीठ-साखर घालावी. कोणाचे बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून कोरडे पडले, तर तो उष्माघात समजावा : त्या व्यक्तीला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. घर पत्र्याचे असल्यास पत्र्यावर बाहेरून चुन्याचा जाड हात द्यावा. रात्री शरीर थंड झाले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते.

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातील गाळ यंत्राने काढून तो जितका खोल होईल तितका करावा, असे तरुणांचे म्हणणे आहे. जुनी माणसे विरोध करतात. (अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : जुन्या माणसांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील हे हजारो तलाव मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळ दुरुस्त करण्याची, गाळ वाटून घेण्याची गावाची सवय हळूहळू मोडली. तेव्हा गाळ काढणे आवश्यकच आहे. पण तळाचा चिकणमातीचा थर फोडला, तर तलाव पाणी धरणार नाही. पोटातील उथळ कडा सरसकट खरवडल्या, तर देशी पाणवनस्पती जातात, त्यांच्या आधाराने वाढणारी स्थानिक मासळी जाते आणि ढिवर कुटुंबांच्या पोटावर पाय येतो. गाळ टप्प्याटप्प्याने काढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकावा. धानाला तो मानवतो.

मला अधिक काळजी सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेची, वाटते. पूर्वी आठवडाभरात येणारे पाणी आता एका रात्रीत येते. सांडवा बुजलेला किंवा अतिक्रमणाने अरुंद झालेला असेल, तर पाळ फुटते आणि खालची रोवणी वाहून जाते. त्यामुळे यंत्राचे पहिले तास सांडव्यावर खर्च करावेत. धान निसवताना (लोंब्या बाहेर पडताना) पाऊस ओढ देतो, त्या वेळचे एक पाणी कोणाला आधी मिळावे, हेही ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वीच ठरवावे.

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी खारे आहे. शेततळ्याने फायदा होईल काय? (मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला)

उत्तर : होईल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी देत राहिल्यास जमीन चोपण, म्हणजे कडक व पाणी न जिरणारी, होते. साठवलेले पावसाचे गोडे पाणी हाच खात्रीचा आधार आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे पोकरात, या पट्ट्यातील गावे आहेत; गाव त्यात असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटावे. तळे शेताच्या सखल कोपऱ्यात घ्यावे. भारी चिकण मातीत पाणी फारसे झिरपत नाही, म्हणून पहिले वर्ष प्लास्टिकविना पाहावे. कडांना उतार द्यावा, कारण उभी कड पावसात ढासळते. खंडात तुषार संचाने कपाशीला एक आणि पुढे हरभऱ्याला एक पाणी, एवढाच वापर ठेवावा. तळ्याभोवती कुंपण मात्र पहिल्याच वर्षी घालावे. वावरात लहान मुले सोबत असतात.