चि. सरांस, खिशातल्या मोबाईलविषयी

चि. सर,

अनेक आशीर्वाद. माझ्याच विद्यार्थ्याला 'सर' लिहिण्याची मजा एकदा घेतली, आता पुढे अरे-तुरेच.

नववीच्या वर्गात मोबाईलला सरसकट बंदी घालावी का, असं तू विचारलं आहेस. मुख्याध्यापकांनी घातली असेल तर पाळ. नवा शिक्षणसेवक आहेस, पहिल्याच वर्षी त्यावरून वाद नको. पण बंदीने तुझं काम हलकं होईल अशी आशा ठेवू नकोस. दप्तरात फोन नसला तरी रात्री बारापर्यंत रील्स बघितलेला मुलगा पहिल्या तासाला जांभयाच देणार.

आधी एक गोष्ट समजून घे. 'हल्ली सगळ्यांकडे मोबाईल असतात' हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकशील. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या घरात स्मार्टफोन आहे. पण चौदा वर्षांच्या ज्या मुलांना फोन वापरता येतो, त्यांतही स्वतःचा फोन असलेली जेमतेम २७ टक्के. बाकीच्यांचा फोन दिवसभर वडिलांच्या खिशात, म्हणजे शेतात, एमआयडीसीत नाहीतर रिक्षात. तो रात्री आठला घरी येतो, आणि उरलासुरला डेटा थोरल्या भावाचा की धाकटीच्या अभ्यासाचा यावर भांडण होतं. म्हणून संध्याकाळी ग्रुपवर टाकलेला गृहपाठ सकाळी तपासायला मागू नकोस. फळ्यावर लिही, वहीत उतरवून घ्यायला लाव. ग्रुप सूचनांपुरता ठेव. रात्री अकराला 'सर, उद्या शाळा आहे का' असं आलं, तर उत्तर सकाळी दे. एकदा रात्री दिलंस की मग रोज द्यावं लागेल.

त्याच अहवालात आहे की फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. दुसऱ्या आकड्यावर कपाळाला हात लावणारे पुष्कळ भेटतील. मला पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो. निम्म्याहून जास्त मुलं अभ्यासासाठी फोन उघडताहेत. तो उघडून नेमकं काय करायचं, हे आपण त्यांना कितीसं सांगतो?

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवला की तास 'डिजिटल' झाला, अशी एक समजूत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा लोकांनी त्यांचे क्यूआर कोड तेवढे लक्षात ठेवले. वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकं त्या भाषेत आणली आणि मग त्यांना कोड जोडले. भाषा शिकण्याची मेहनत फोनने केलेली नाही. चित्रफीत दाखवायला माझी हरकत नाही. पण ती बघताना मुलं गप्प असतात, आणि त्या गप्प बसण्याला आपण लक्ष समजतो.

त्यापेक्षा फोनला कामाला लाव. नववीला ध्वनी आहे. आवाजाचा वेग पुस्तकात छापलेला असतो, मुलं पाठ करतात, विषय संपतो. 'फायफॉक्स' नावाचं एक फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलेलं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यात आवाजाने चालू होणारं आणि आवाजानेच थांबणारं घड्याळ आहे. शिक्षकांचेच दोन फोन घे आणि व्हरांड्यात टेपने मोजून बरोबर दहा मीटरवर ठेव. पहिल्या फोनपाशी एका मुलाने टाळी वाजवायची. तो फोन लगेच सुरू होतो, दुसरा आवाज पोचल्यावर, किंचित उशिरा. मग दुसऱ्या टोकाच्या मुलीने टाळी वाजवायची. आता दुसरा फोन आधी थांबतो आणि पहिला उशिरा. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. तो साधारण ०.०५८ सेकंद येतो. २० भागिले ०.०५८ करायला लाव, उत्तर ३४५ च्या आसपास येईल. एका गटाचं तीनशे दहा येईल, दुसऱ्याचं तीनशे नव्वद. त्यावर भांडू दे त्यांना. टाळी वाजवणारा दोन फोनांच्या मध्ये उभा राहिला होता का, टेप सैल होती का, याचा शोध ती स्वतःच घेतील. सरासरी कशासाठी काढायची हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

आणखी एक गंमत बघशील. कुणी नुसतं खोकलं तरी घड्याळ सुरू होतं, त्यामुळे पन्नास पोरं श्वास रोखून उभी राहतात. 'शांत बसा' म्हणायची वेळ येत नाही. शेजारच्या वर्गाचा गोंगाट असेल तर ॲपमधली आवाजाची मर्यादा थोडी वाढव, आणि शक्यतो प्रार्थनेनंतरचा पहिलाच तास निवड.

निबंधाचं दुखणं मराठीच्या बाईंनी तुझ्यापर्यंत आणलंच असेल. मुलं चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. पूर्वी गाईडमधून उतरवायची, तेव्हा आपण फारसे रागावत नव्हतो हे आधी कबूल करू. 'माझा आवडता ऋतू' हा विषय पिढ्यानपिढ्या देत राहिलो, तर यंत्राला तो पाठच असणार. 'आपल्या एसटी स्टँडवर पाऊस आला की कोण कुठे उभं राहतं' हा विषय देऊन बघ. आणि वर्गातच लिहून घे, वीस मिनिटांत, अर्धं पान. चुका दिसतील, पण त्या त्यांच्या असतील. विज्ञानातही तेच. उत्तर यंत्राकडून आणलं तर चालेल, पण त्यातली कुठली ओळ पटली नाही ते तोंडी सांगायचं.

आता तुझ्या स्वतःच्या फोनविषयी. वर्गात सगळ्यात जास्त वेळा वाजतो तो शिक्षकाचाच. पोषण आहाराची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, पंचायत समितीच्या ग्रुपवर 'आज चारच्या आत लिंक भरा'. ही कामं टळणार नाहीत हे मला माहीत आहे. पण ती ऑफ तासाला कर. तू टेबलाखाली स्क्रीन बघताना मुलांना दिसतोस, तू त्यांना पकडतोस तितक्याच सहज. उपक्रमाचे फोटो हवेच असतील तर शेवटी काढ. आधी फोटो काढलास तर मुलं तेवढ्यापुरतीच टाळी वाजवतील.

इन्स्टाग्रामवर मुलांच्या रिक्वेस्ट येतील, एकही घेऊ नकोस. तुझ्या चेहऱ्याचे स्टिकर फिरतील, तेही मनावर घेऊ नकोस. एका बाबतीत मात्र डोळे उघडे ठेव. एखादी हुशार मुलगी अचानक गप्प झाली, फोन वाजला की दचकते, तर कुणीतरी तिला मेसेजवरून छळत असण्याची शक्यता धर. ती घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर आधी तिचा फोन जाईल आणि मग बहुधा शाळा. तिला विश्वासात घ्यायला शाळेतल्या एखाद्या मॅडमना सोबत घे. मेसेज पुसून टाकू नकोस म्हणावं, तोच पुरावा. फोटोंवरून धमकी असेल तर प्रकरण शाळेतल्या शाळेत मिटवायच्या फंदात पडू नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याखाली, माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा ठरतो. चाइल्डलाइन १०९८, सायबर हेल्पलाइन १९३०. हे दोन आकडे वर्गाच्या भिंतीवर आत्ताच लिहून ठेव, गरज पडायच्या आधी.

राहता राहिले पालक. सभेत ते 'सर, पोराचा मोबाईल सोडवा' म्हणतील, तेही व्हॉट्सअ‍ॅप बघत बघत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट त्यांना सांग. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, थोरामोठ्यांचेसुद्धा. नुसता ठराव केला आणि झालं, असं नव्हतं. गावच्या बायकांनी ते उचलून धरलं, माणसं घरोघर जाऊन समजावत राहिली. तुमच्याकडे दीड तास जमणार नाही, पाऊण तासापासून सुरुवात करा. सात ही वेळ धार काढायची किंवा मालिकेची असेल तर आठ धरा. आणि पुरुषांना पटवत बसण्याआधी बचत गटाच्या बैठकीला जाऊन ये.

तुझ्या बाई