चिपळुणातला पहिला पावसाळा

तळमजल्यावर राहताय ना? मग आधी शेजाऱ्यांना विचारा, 22 जुलै 2021 च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं. बऱ्याच भिंतींवर अजून खूण सापडेल.

नुसता पाऊस बघू नका, भरतीची वेळही बघा. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. भरती लागली की नदीचं पाणी तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच.

घरात सुरुवातीला एवढंच:

- पाणी अंगणात आलं की मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागी उभं राहून. इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा. नवखे हमखास तोच विसरतात आणि मेन बंद असूनही प्लगमध्ये करंट राहतो.
- सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा. रिकामा सिलिंडर तरंगतो आणि घरभर आदळत फिरतो.
- कागदपत्रं, औषधं माळ्यावर. माणसांनी मात्र छपरावर जायची वाट नसेल तर माळ्यावर चढू नये. वेळेत वरच्या मजल्यावरच्यांकडे जा, लाजू नका.

रस्त्यावर पाण्याचा अंदाज घ्यायला जाऊच नका. वाहत्या 15 सेंटिमीटर पाण्यातही माणसाचा पाय सुटू शकतो, 30 मध्ये छोटी गाडी तरंगायला लागते. साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जात असेल तर मागे फिरा. गढुळात रस्ता खचलेला दिसत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी सोडा, उंचावर जा, 112 लावा.

चिखल उपसताना गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) डॉक्टरांना आधीच विचारा.